दैवशालाबाईंच्या वाट्याची हवा

जळकोटात कुणाच्या टीव्हीवरचं चित्र गेलं की माणूस दारात येऊन आधी दैवशालाबाईंच्या स्लॅबकडं बघायचा. बाई वर दिसल्या की निवांत व्हायचा. पदर कमरेला खोचलेला, हातात पाना, आणि बारा फुटी जाळीच्या छत्रीत अर्धं अंग घातलेलं. "बाई वर हायती, येईल आता," असं म्हणून लोक पुन्हा टीव्हीपुढं जाऊन बसत.

केबलचा हा धंदा त्यांच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, सत्त्याण्णव साली उभा केला. तेव्हा श्रीमंत वर छत्री हलवायचा आणि खाली टीव्हीपुढं नवी नवरी दैवशाला बसायची. "आलं! गेलं, गेलं! जरा मागं घ्या..." एवढं ओरडायचं, हेच तिचं काम. पण ओरडता ओरडता तिला कळत गेलं. छत्री किती बोटं सरकली की पडद्यावर मुंग्या येतात, उन्हाळ्यात कुठली तार ढिली पडते, पावसाळ्यात कुठल्या जोडात पाणी शिरतं, हे तिला न विचारता यायला लागलं. दोन हजार नऊ साली खांबावर काम करताना श्रीमंतला करंट लागला आणि तो जागीच गेला. मुलगी ज्ञानेश्वरी तेव्हा पाच वर्षांची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावकीतली चार माणसं सामान विकून टाकायचं बोलायला आली, तर बाई स्लॅबवर.

वरूनच त्यांनी दिराला हाक मारली, "धनाजी भाऊजी, टीव्ही लावा अन् चित्र कसं हाय ते सांगा."

धनाजीनं गोंधळून टीव्ही लावला. "चांगलं हाय, वैनी."

"मग बसा. आले खाली, च्या टाकते."

विकायचं बोलणं त्या दिवशी निघालंच नाही, आणि पुन्हाही कुणी काढलं नाही.

बाई माणूस खांबावर चढती म्हणून पहिली दोन वर्षं गावानं बोलून घेतलं. मग बोलणाऱ्यांच्याच घरचं चित्र बिघडायला लागलं आणि बोलणं थांबलं. जुनी पद्धत जाऊन घरोघर सेट टॉप बॉक्स बसवायची सक्ती झाली, तेव्हा आसपासच्या तीन गावांतल्या केबलवाल्यांनी हात टेकले. दैवशालाबाई मात्र एकट्या दिल्लीला गेल्या. दोन रात्री धर्मशाळेत काढून नोंदणीचा कागद घेऊन आल्या आणि फ्रेम करून कंट्रोल रूममध्ये लावला. कंट्रोल रूम म्हणजे स्लॅबखालची आठ बाय दहाची खोली. तिथं मशिनी, एक पंखा आणि एक खुर्ची. तिथूनच त्या गावाचं स्वतःचं चॅनेल चालवत. कुणाच्या घरी मयत, नळाला पाणी कोणत्या आळीला कधी, हरवलेली म्हैस, अणदूरच्या खंडोबाची यात्रा, दहावीचे निकाल. दोन हजार अठरा सालात जळकोट आणि भोवतालच्या वस्त्या धरून साडेसहाशे घरं त्यांच्या वायरीवर होती.

मग लॉकडाऊन आलं. शाळा फोनवर भरायला लागल्या आणि जळकोटात फोनला रेंज नव्हती. हायवेच्या पुलावर गेलं तर दोन दांड्या यायच्या. ज्ञानेश्वरी अकरावीला होती. भर उन्हात पुलाच्या कठड्याला टेकून, डोक्यावर ओढणी घेऊन ती फिजिक्सचा तास ऐकायची, आणि शेजारून ट्रक गेला की सरांचं वाक्य तुटायचं. आठ दिवस दैवशालाबाईंनी ते बघितलं. नवव्या दिवशी त्यांनी गावात टॉवर हवा म्हणून अर्ज लिहिला आणि सह्या घ्यायला बाहेर पडल्या. प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचं. गिऱ्हाइकांची वही घेऊनच त्या फिरल्या. चारशे बारा सह्या झाल्या. त्यातले एकोणसाठ अंगठे होते. तो अर्ज तहसीलला, कलेक्टर हापिसाला आणि कंपनीला गेला. एकवीस सालच्या दिवाळीआधी गावात टॉवर उभा राहिला. बाईंच्या घरापासून दीडशे पावलांवर, गावातल्या एकाच्या रिकाम्या जागेत. पूजेचा नारळ बाईंच्याच हातानं फुटला. ज्ञानेश्वरी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, आणि रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करू लागली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं.

तेवीस सालच्या मार्चात त्याच टॉवरवर नव्या पेट्या चढल्या. फाइव्ह जी आलं म्हणून गावात पेढे वाटले. चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला बाईंचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतंय. आवाज तुटतोय. मधेच नुसतं निळं येतंय.

बाई वर चढल्या. तार तपासली, जोड सोडून पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन नवा एलएनबी आणला. एलएनबी म्हणजे छत्रीच्या मधोमध बसणारा मुठीएवढा डबा. आभाळातून आलेला सिग्नल छत्री गोळा करते आणि हा डबा तो ऐकतो. नवा बसवला, तरी तेच. छत्री ढिली करून पुन्हा नेमकी लावली, तरी तेच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याच छत्रीचं दुखणं कळेना.

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणती चॅनेलं. तीन आठवड्यांत गोष्ट उघडी पडली. दुपारी दोनला गाव शेतात असतं, तेव्हा चित्र काचेसारखं. संध्याकाळी सगळे घरी येऊन फोन उघडतात तसतसं ते फुटत जातं. रविवारी मॅच असली तर दिवसभर. बाई कॅलेंडरपुढं उभ्या राहिल्या आणि मग मागच्या दारातून दिसणाऱ्या टॉवरकडं बघत राहिल्या.

टॉवरची देखभाल जागामालकाचा पुतण्या शिवपुत्र करायचा. घरात कानडी बोलणारा, बाईंना अक्का म्हणणारा, तिशीतला शांत माणूस. बाईंनी त्याला घरी बोलावून कॅलेंडर दाखवलं.

त्यानं बराच वेळ बघितलं. "अक्का, तुमचं बरोबर असंल. पण म्या फक्त डिझेल टाकतो अन् कुलूप बघतो. पावर कमीजास्त कराची चावी हैदराबादला. तिथून सगळं चालतंय."

"तिथं कळव की मग."

"कळिवतो. पण अक्का, खरं सांगू का? गावातून तकरार आली की रेंज कमी पडती म्हणून त्ये पेट्या वाढिवत्यात. कमी न्हाय करत."

बाईंनी वाट बघितली नाही. टॉवरच्या अंगाला स्लॅबवर तीन पत्रे उभे केले, मागं जाळी बांधली. चित्र थोडं सुधारलं. मे महिन्यातल्या वावटळीत एक पत्रा उडून शेजारच्या गोठ्यावर पडला. म्हैस वाचली, पण शेजाऱ्यांनी पुन्हा पत्रा लावू दिला नाही. तोवर गिऱ्हाइकांनी बॉक्स परत द्यायला सुरुवात केली होती. कुणी भांडलं नाही, तेच जास्त लागलं. लोक यायचे, बॉक्स ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, राग मानू नका. तसं बी पोरं फोनवरच बघत्यात."

ज्ञानेश्वरीनं पुण्याहून तक्रारीचा अर्ज करून दिला. चार महिन्यांनी, भाद्रपदात, छपरावर काटेरी अँटेना असलेली सरकारी गाडी खरंच जळकोटात आली. सोबत एक साहेब. मूळचे बार्शीकडचे, बोलायला मऊ. मुंबईत हवेतल्या लहरींवर पहारा ठेवणाऱ्या खात्यात होते. त्यांनी सबंध दिवस मोजमाप केलं. बाईंनी त्यांना वरण-भात, शेंगाची चटणी वाढली. जेवण झाल्यावर साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. पडद्यावर डावीकडं भिंतीसारखे उंच खांब होते आणि उजवीकडं जमिनीलगत बारीक गवतासारखी रेघ.

"हे उंच म्हणजे टॉवर. आणि हे खुरटं म्हणजे तुमचा उपग्रह."

"एवढासा?"

"छत्तीस हजार किलोमीटरवरून येतो, बाई. त्याचा जीव एवढाच. लग्नाच्या मांडवात बँडशेजारी बसून कुणाची कानगोष्ट ऐकायची म्हटल्यावर कसं होईल, तसं झालंय तुमचं."

"मग बँडवाल्याला सांगा की जरा लांब जा म्हणून."

साहेबांनी मान हलवली. "तो त्याच्या जागेतच वाजवतोय. हे बघा, हवेतल्या लहरींचे पट्टे असतात. कुठला पट्टा कुणाला, हे सरकार ठरवतं. पूर्वी हा सगळा भाग उपग्रहाला असायचा. फोन वाढले, मागणी वाढली. मग सरकारनं खालचा भाग काढून लिलाव केला. तीन हजार सहाशे सत्तर मेगाहर्ट्झपर्यंत कंपन्यांचा, तीन हजार सातशेच्या वर उपग्रहाचा. मधे तीस सोडलेत, बांधासारखे. टॉवर मी तपासला. तो बांध ओलांडत नाही. पावरही नियमात आहे."

"मग माझं चित्र का फुटतंय?"

"कारण तुमचा डबा जुन्या काळचा आहे. त्याला बांध कळत नाही. तो अलीकडचंही ऐकतो आणि पलीकडचंही. त्याला अलीकडचं गाळून टाकणारा फिल्टर लावावा लागेल."

"म्हंजे चूक माझ्या डब्याची?"

साहेब चार्जरची वायर गुंडाळू लागले.

बाई उठल्या. कंट्रोल रूममधली फ्रेम काढून आणली आणि लॅपटॉपशेजारी ठेवली. "हा दिल्लीचा कागद हाय, साहेब. सरकारचा शिक्का हाय. म्या चोरून छत्री लावली न्हाय."

साहेबांनी तो नीट वाचला. "हा चॅनेल दाखवायचा परवाना आहे. ते खातं वेगळं. लहरींचं खातं वेगळं. तुम्ही हवेत काही सोडत नाही, फक्त घेता. नुसत्या घेणाऱ्याची आमच्याकडं नोंद नसते. नोंद नाही, म्हणून संरक्षण नाही."

"सव्वीस वर्सं घेतंय की."

"हो."

"इकताना इचारायचं तरी एकदा."

"विचारलं होतं." हे सांगताना साहेबांना अवघडल्यासारखं झालं. "वेबसाइटवर मसुदा टाकला होता. हरकती मागवल्या होत्या. चार-सहा आठवडे मुदत होती."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत."

बाई हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गावात साधी विहीर खोदायची तरी दवंडी देतात, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि साहेबांना ताक आणायला आत गेल्या. जाताना साहेबांनी फिल्टर मिळणाऱ्या दोन दुकानांचे पत्ते स्वतःच्या हातानं लिहून दिले. माणूस वाईट नव्हता. पुढं कितीदा तरी बाईंना वाटलं की तो वाईट असता तर बरं झालं असतं. कुणावर तरी धड चिडता आलं असतं.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. ज्ञानेश्वरीनं फोनवर वाचून सांगितलं. "सदर ठिकाणी नियमबाह्य प्रक्षेपण आढळले नाही. तक्रारदारास योग्य उपकरण बसवण्याचा सल्ला देण्यात आला आहे. तक्रार निकाली."

पहिला फिल्टर आला तो चुकीच्या मापाचा. त्यानं टॉवरबरोबर उपग्रहालाही अडवलं. दुसरा हैदराबादहून मागवला, त्याला दिवाळी उलटली. तो मात्र खरा निघाला. ज्या संध्याकाळी तो बसवला त्या संध्याकाळी ऐन सातला चित्र एकदाही फुटलं नाही. बाई खुर्चीत बसून तासभर नुसत्या बघत राहिल्या. मालिका कुठली चाललीय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी गावाच्या चॅनेलवर पाटी सोडली, चित्र दुरुस्त झाले आहे, ग्राहकांनी बॉक्स परत न्यावेत. पाटी आठ दिवस फिरली. ती बघायला वायरीवर घरंच ऐंशी-नव्वद उरली होती. बॉक्स न्यायला दोघं आले. एक भीमाशंकर गुरुजी, आणि दुसरी सिताबाई.

सिताबाई पंचाहत्तरीची, एकटी राहणारी. तिच्याकडं बटनाचा फोन होता, आणि तोही कानाला लावला की तिला ऐकू यायचं नाही. टीव्हीचा आवाज मात्र मोठा करता यायचा. ती बॉक्स पदरात गुंडाळून घेऊन निघाली आणि दारात थांबली. "दैवशाला, तुझं गावाचं चॅनेल तेवढं बंद करू नकू बाई. कोण मेलं ती मला त्याच्यातूनच कळतंय. न्हायतर लोक म्हणत्यात, म्हातारी मातीला आली न्हाय."

"न्हाय करत, आत्या," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांना तसं खरंच वाटत होतं.

ऐंशी घरांवर मशिनी चालवायच्या म्हणजे विजेचं बिलसुद्धा निघत नाही. तरी बाईंनी चोवीस सालचा उन्हाळा रेटला. त्याच उन्हाळ्यात ज्ञानेश्वरीचा फोन आला. दिल्लीनं पुन्हा मसुदा टाकला होता. फोनची भूक भागत नाही, म्हणून आणखी एक पट्टा काढून द्यायचा विचार होता. हरकती मागवल्या होत्या.

"आई, ह्या वेळी आपण लिहायचं."

बाईंनी दोन दिवस बसून मराठीत लिहिलं. सह्यांचा अर्ज लिहिला होता तसंच, मुद्देसूद. मोबाईलला आमचा विरोध नाही, गावासाठी टॉवर आम्हीच मागितला आहे. पण हवेचा भाग काढून दुसऱ्याला देताना तिथं आधीपासून कोण बसलंय ते गावोगाव फिरून बघावं. ज्यांची छत्री निकामी होणार त्यांना फिल्टर लिलावाच्या पैशातून द्यावा. आणि विचारायचं ते लोकांच्या भाषेत विचारावं. ज्ञानेश्वरीनं त्याचं इंग्रजी केलं आणि मुदतीच्या आत पाठवलं. दोघींनी फोनवर एकमेकींना शाबासकी दिली.

चार महिन्यांनी निर्णय निघाला. त्याच्यासोबत आलेल्या सगळ्या हरकती जोडल्या होत्या. कंपन्यांच्या दीडशे-दीडशे पानी, वकिलांनी लिहिलेल्या, रंगीत तक्त्यांच्या. अगदी शेवटी 'व्यक्ती' म्हणून एकच नाव होतं, आणि तेही 'देवशिला' असं छापलेलं. बाईंनी लिहिलेल्याबद्दल निर्णयात एक ओळ होती. ज्ञानेश्वरीनं ती दोनदा वाचली. "काहींनी उपग्रहाचा सिग्नल घेण्याबाबत चिंता व्यक्त केली आहे, तथापि यासाठी फिल्टर बाजारात उपलब्ध आहेत."

"बस, एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच, आई."

फोनवर त्यांना लेकीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. कपाळावरची बारीक घामाची रेघसुद्धा. टॉवर दीडशे पावलांवर होता. घरात रेंजला काही तोटा नव्हता. बाईंना एकदम तो फोन उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही. फेकला असता तर लेक दिसली नसती.

पितृपंधरवड्यात त्यांनी कंट्रोल रूम बंद केली. आदल्या दिवशी गावाच्या चॅनेलवर शेवटची पाटी सोडली आणि मग उरलेल्या घरी जाऊन स्वतः बॉक्स गोळा केले. सिताबाईच्या घरी त्या सगळ्यात शेवटी गेल्या. तिच्या पत्र्यावर सरकारी फुकट चॅनेलांची छोटी छत्री स्वतःच्या खर्चानं बसवून दिली. म्हातारीनं रिमोट हातात घेऊन सगळी चॅनेलं पुढं-मागं केली. तिला पाहिजे ते त्यात नव्हतं. तिनं रिमोट टीव्हीवर ठेवला. दैवशालाबाईंनी समजूत घातली नाही. त्या पौषात शेजारच्या आळीतली नागम्मा वारली, तेव्हा सिताबाईला तिसऱ्या दिवशी कळलं.

संक्रांत झाल्यावर नळदुर्गच्या एजंटाचा निरोप आला. टॉवरवाली कंपनी आता वायरीशिवाय घरोघर इंटरनेट देत होती. स्लॅबवर एक पांढरा डबा बसवायचा, त्याचं तोंड टॉवरकडं करायचं आणि वायर घरात सोडायची. टीव्हीसुद्धा त्याच्यावरच. एजंटाला गावातली छपरं माहीत असलेलं माणूस पाहिजे होतं. बाईंनी तीन दिवस काही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी पाना घेऊन गेल्या.

पहिल्या महिन्यात त्यांनी चौतीस डबे बसवले. जिथून बॉक्स परत आले होते त्यातली बरीच घरं. लोक मोकळेपणानं च्या पाजायचे, "बाई, तुमच्या हाताला गुण हाय" म्हणायचे. कुणालाच काही आठवायचं नाही, किंवा आठवूनही अवघड वाटायचं नाही. बाई च्या प्यायच्या आणि पुढच्या घरी जायच्या.

ज्ञानेश्वरीला ही गोष्ट शिवपुत्रकडून कळली. तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. आवाज चढलेला होता. "आई, तू त्यांचं काम करतीस? त्यांचं?"

दैवशालाबाई ओट्यावर बसून पायाला तेल लावत होत्या. शिडीवर चढउतार करून गुडघा सुजला होता.

"व्हय."

"का पण?"

"बाई गं," त्या म्हणाल्या, "म्या दुसरं काय शिकले?"

बाईंनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं.